डोळे झाकून निवडलेलं चाक: एका सिम रेसरच्या स्टीअरिंग व्हीलचा प्रकरण अभ्यास

चालकाचं नाव, लीगचं नाव आणि शेवटी घेतलेल्या चाकाचा ब्रँड इथे मुद्दाम दिलेला नाही. मी त्याचा संघातला जोडीदार. खरेदीआधीचे आठवडे आणि नंतरचे चार महिने मी जवळून पाहिले. काही सल्ले माझेच होते आणि त्यातला एक चुकला, तोही पुढे येईल.

पार्श्वभूमी

आम्ही दोघं ‘असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ या संगणकावरच्या रेसिंग सिम्युलेटरमध्ये (थोडक्यात सिम) लांब पल्ल्याच्या शर्यती चालवतो. एक गाडी, दोन चालक, साधारण तासाभराची एकेक पाळी. गाडी बहुतेक वेळा फेरारी ४८८ जीटी३ (जीटी३ म्हणजे स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसिंग गाड्यांचा वर्ग). आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव असतो. अधूनमधून तो रॅलीच्या गाड्या चालवतो, पण तेवढाच बदल म्हणून.

त्याची रिग, म्हणजे घरातली चालवायची मांडणी, भक्कम आहे: ॲल्युमिनियम प्रोफाइलची चौकट, लोड सेलचा ब्रेक आणि ८ न्यूटन-मीटरचा डायरेक्ट ड्राइव्ह बेस (चाक थेट ज्याच्या दांड्यावर बसतं आणि जी हाताला जोर देते ती मोटर). हे सगळं त्याने योग्य क्रमाने घेतलं होतं. आधी ब्रेक, मग बेस, चाकाचा विचार सगळ्यात शेवटी. लोड सेल पायाचा जोर मोजतो, पेडल किती खाली गेलं ते मोजत नाही. आणि आपल्या पायाला जोर लक्षात राहतो, अंतर राहत नाही. लॅपची वेळ सुधारायची असेल तर पैसा आधी ब्रेकवर जायला हवा, हे माझं ठाम मत आहे. ज्याचा ब्रेक अजून साधा आहे त्याने महागड्या चाकाच्या नादी लागू नये.

बेससोबत आलेलं ३०० मिमीचं गोल चाक तो वापरत होता. मधला भाग प्लॅस्टिकचा, पकड रबरी, मागे गिअर बदलायची दोन पॅडल, पुढे दहा-बारा सारखी दिसणारी बटणं. आणखी एक गोष्ट, जी पुढे सगळ्यात महत्त्वाची ठरली: तो व्हीआर हेडसेट (डोळे पूर्ण झाकून सिममधलं दृश्य दाखवणारा चष्मा) लावून चालवतो. म्हणजे शर्यतीत त्याला सिममधल्या गाडीचं चाक दिसतं, स्वतःच्या हातातलं दिसत नाही.

अडचण

एका शर्यतीनंतर तो म्हणाला, “आता हे चाक बदलायचंच. एक फॉर्म्युला पद्धतीचं पाहून ठेवलंय. कार्बन फायबर, मध्ये स्क्रीन, वर दिवे. बघ एकदा.”

“नेमका त्रास काय होतोय?” मी विचारलं.

त्याने चार गोष्टी सांगितल्या. चाळीसेक मिनिटांनंतर हात आणि खांदे दुखतात. ब्रेक लावत भराभर गिअर उतरवताना एखादा गिअर पडतच नाही, किंवा एकाच्या जागी दोन पडतात. रस्त्याचा अंदाज हाताला नीट येत नाही, सगळं गादीवर चालल्यासारखं वाटतं. आणि चौथी: ट्रॅक्शन कंट्रोल (टीसी, टायर घसरू न देणारी यंत्रणा) किंवा ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) बदलायला गेलं की बोट चुकतं. त्या रात्री पिट लेनमध्ये शिरताना लिमिटरऐवजी (वेग मर्यादेत ठेवणारं बटण) त्याने वायपर चालू केले होते आणि वेगमर्यादेचा दंड आम्हा दोघांना बसला होता.

चारही तक्रारी खऱ्या होत्या. फक्त त्या सगळ्यांचं खापर चाकावर फोडायचं का, हे अजून ठरायचं होतं.

पहिला निर्णय: तीन आठवडे काहीच न घेणं

हा त्याला सगळ्यात कठीण गेला. मन आधीच एका वस्तूवर बसलेलं असलं की थांबणं जड जातं. पण नवीन चाक बसवून खांदे दुखायचे थांबले नसते तर ते कळणार कसं?

आधी बैठक तपासली. साधी खूण अशी: पाठ सीटला पूर्ण टेकवायची, हात सरळ पुढे करायचा, मनगट चाकाच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. त्याची जेमतेम बोटं पोचत होती. म्हणजे प्रत्येक वळणाला खांदा सीटवरून उचलला जात होता. बेस सहा सेंटिमीटर जवळ घेतला, किंचित वर केला. पुढच्या दोन सरावांत खांद्याचं दुखणं गेलं. अंगठ्याच्या मुळाशी होणारं दुखणं मात्र तसंच राहिलं. ते पकडीचं होतं: चाकाची कड बारीक होती आणि आतल्या बाजूची शिवण नेमकी तिथेच रुतत होती.

मग ‘गादीवर चालल्यासारखं’ हे प्रकरण घेतलं. बेसच्या सॉफ्टवेअरमध्ये डॅम्पिंग आणि फिल्टर (धक्के बोथट करणारी सेटिंग) बरेच वर ठेवलेले होते, आत दातेरी गिअर असलेल्या आधीच्या चाकाच्या सवयीने. ते टप्प्याटप्प्याने खाली आणले. फरक लगेच जाणवला, पण पूर्ण नाही. बेसचा दांडा घट्ट धरून चाक पुढे-मागे हलवून पाहिलं तर प्लॅस्टिकचा मध्य चक्क लवत होता. मोटरने पाठवलेले बारीक धक्के हातापर्यंत येण्याआधी तिथेच विरत होते.

तीन आठवड्यांनी हिशेब असा होता: खांदे सुटले, जाणीव अर्धी सुधारली, पकड, पॅडल आणि बटणं मात्र खरोखर चाकाचीच. आता खरेदीला कारण होतं.

समोरचे पर्याय

पहिला, त्याच्या मनातला: २८० मिमीचं फॉर्म्युला चाक, स्क्रीन आणि दुहेरी क्लच पॅडलसह. दुसरा: ३०० मिमीचं जीटी पद्धतीचं चाक, वरून उघडं, खाली सपाट, स्क्रीन नाही, पण चांगली चुंबकी पॅडल आणि गोल फिरणाऱ्या कळा. तिसरा: बटणांची पाटी वेगळी आणि तिच्यावर खऱ्या रेसिंग गाडीत बसणारी साधी रिम (हातात धरायचं कडं). अशा बऱ्याच रिमना ७० मिमी व्यासाच्या वर्तुळावर सहा बोल्ट असतात, त्यामुळे एकाच पाटीवर पुढे वेगळ्या आकाराची रिम चढवता येते. चौथा: आहे त्याच चाकाला चांगली पॅडल लावणं आणि वर नवी पकड चढवणं.

चौथा पर्याय मला मनापासून आवडला होता, पण लवणाऱ्या प्लॅस्टिकला त्यात उत्तर नव्हतं. तिसरा सगळ्यात लवचीक. मात्र पाटी, अडॅप्टर आणि क्विक रिलीज (चाक झटकन काढता-लावता येणारी जोडणी) एकावर एक चढल्यावर रिम चालकाच्या चांगलीच जवळ येते आणि सांधे वाढतात. जितके सांधे, तितक्या लवण्याच्या जागा. तो मागे पडला. खरी तुलना पहिल्या दोनांत झाली.

दुसरा निर्णय: व्यास आणि वजन

“मोठा बेस असेल तरच मोठं चाक” असं सरसकट ऐकू येतं. यामागचा हिशेब साधा आहे आणि तो एकदा समजला की निवड बरीच सोपी होते.

बेसचा टॉर्क भागिले चाकाची त्रिज्या म्हणजे कडेवर हाताला जाणवणारा जोर. त्याच्या ८ न्यूटन-मीटरला २८० मिमीच्या चाकावर जास्तीत जास्त सुमारे ५७ न्यूटन मिळतात, ३०० वर ५३, ३५० वर जेमतेम ४६. मोटर तीच, सेटिंग तीच, पण मोठं चाक लावलं की गाडी हलकी झाल्यासारखी वाटते. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर एक अंश वळवायला २८० च्या चाकावर हात सुमारे २.४ मिमी सरकतो, ३०० वर २.६, ३२० वर २.८. छोटं चाक चपळ, मोठं चाक बारकाव्याला बरं.

वजनाचा भाग याहून महत्त्वाचा आहे आणि तिथे बहुतेकांची गल्लत होते. चाक फिरवताना आड येतं ते जडत्व, आणि ते वजनासोबत वाढतं तसं मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गासोबतही वाढतं. तेवढ्याच वजनाचं कडं ३०० ऐवजी ३५० मिमीचं केलं तर जडत्व सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतं. याचा अर्थ मध्यावर बसलेली स्क्रीन काट्यावर वजन दाखवते, पण फिरताना फारशी आड येत नाही. उलट कडेच्या पकडीत घातलेली जाड धातूची पट्टी थोडक्या वजनातही बेसचे बारीक धक्के गिळते. म्हणून चाक घेताना नुसतं ‘किती किलो’ विचारून भागत नाही, ते वजन कुठे आहे हे बघावं लागतं. ८ न्यूटन-मीटरसारख्या मध्यम बेसवर हा फरक हाताला कळतो. २५ न्यूटन-मीटरच्या बेसला त्याची फिकीर नसते.

या हिशेबात दोन्ही चाकं पास झाली. स्क्रीनवालं जड होतं, पण वजन मध्यात होतं. त्यामुळे ‘जड म्हणून नको’ हा माझा मूळ आक्षेप मी मागे घेतला.

तिसरा निर्णय: गाडी किती अंश वळते

वरून उघडं चाक हात न सोडता चालवायचं असतं. हात अदलाबदल करायला गेलं की वर पकडायला काहीच नसतं. म्हणून आपली गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत किती अंश वळते हे बघणं अटळ आहे. एकाच जीटी३ वर्गात इथे मोठी तफावत आहे: या सिममध्ये फेरारी ४८८ जीटी३ आणि मॅक्लारेन ७२०एस जीटी३ दोन्हींना ४८० अंश, ऑडी आर८ ला ७२०, पोर्शे ९११ जीटी३ आरला ८००.

फेरारीला एका बाजूला फक्त २४० अंश. बेल्जियममधल्या स्पा-फ्रँकोर्शाँ ट्रॅकच्या ७.००४ किमीच्या फेरीत सगळ्यात तीव्र वळण म्हणजे सुरुवातीचं ला सूर्स. तिथेही त्याला हात सोडावे लागत नव्हते. हे नुसतं बोलून ठरवलं नाही. जुन्या चाकाच्या वरच्या भागावर रंगीत चिकटपट्टी लावली, “इथे हात लागला तर चाक उघडं चालणार नाही” असं ठरवलं आणि सहा वेगवेगळ्या ट्रॅकवर फेऱ्या मारल्या. घसरलेली गाडी सावरतानाच दोन-तीनदा हात पट्टीवर गेला.

रॅलीत मात्र हात सारखा पट्टीवर. तिथे गोल चाक हवं यात वाद नव्हता. मग एकाच चाकात दोन्ही बसवायचं का? त्याने स्वतःच्या तासांचा हिशेब केला: पाच संध्याकाळींतली एखादीच रॅलीची. जुनं गोल चाक रॅलीसाठी ठेवायचं आणि क्विक रिलीजने बदलायचं ठरलं. नवीन घेताना जुनं विकायची घाई बरेच जण करतात. इथे तसं झालं असतं तर निवड नाइलाजाने मधल्या कुठल्यातरी आकारावर येऊन थांबली असती.

चौथा निर्णय: डोळे झाकून

एव्हाना स्क्रीनवालं चाक निवडीत टिकून होतं. मी त्याला विचारलं, “हेडसेट लावल्यावर ही स्क्रीन तुला दिसणार कशी?”

तो गप्प राहिला. इतक्या आठवड्यांत हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण सगळी छायाचित्रं आणि व्हिडिओ आपण उघड्या डोळ्यांनी बघतो. स्क्रीन, दिवे, बटणांवरची नावं, रंगीत स्टिकर यातलं काहीही व्हीआरमध्ये उपयोगाचं नाही. मॉनिटरवाल्याला तीच स्क्रीन फार कामाची असू शकते. माझ्या जोडीदारासाठी मात्र ती पैसे वाया घालवणारी होती.

मग निवडीची रीतच बदलली. आम्ही पुठ्ठ्याच्या दोन पाट्या कापल्या, एक २८० च्या, एक ३०० च्या मापाची. निर्मात्यांनी दिलेल्या आकृत्यांवरून बटणांच्या जागी बाटल्यांची झाकणं चिकटवली आणि पाट्या जुन्या चाकावर बांधल्या. तो हेडसेट लावून बसला, मी एकेक नाव पुकारायचो: लिमिटर, टीसी वर, एबीएस खाली, ब्रेक बायस पुढे, फ्लॅश. तो ज्या झाकणावर बोट ठेवी ते मी लिहून घेत होतो.

पकड न सोडता अंगठा दोन्ही बाजूंना मिळून सहा-सात ठिकाणीच पोचतो, हे तिथे कळलं. बाकी बटणं कितीही असोत, शर्यतीच्या भरात ती नसल्यासारखीच. दुसरं असं की एका ओळीतल्या तीन सारख्या बटणांत तो कायम मधलं चुकायचा. कोपऱ्यातलं, उंच कठडा असलेलं किंवा आकाराने वेगळं बटण मात्र लगेच सापडायचं.

यानंतर लीगमधल्या एकाकडून फॉर्म्युला चाक तीन संध्याकाळींसाठी मागून आणलं. हात छान बसले, पॅडल उत्तम होती. पण बटणं दाट, कळा एकमेकींना चिकटून, सगळ्यांच्या टोप्या सारख्या. निम्म्या वेळा शेजारचंच फिरायचं. दुहेरी क्लच पॅडलचाही विचार झाला: या सिममध्ये जीटी३ च्या शर्यती चालत्या गाड्यांनी सुरू होतात, उभ्या सुरुवातीचा क्लच सांभाळायची वेळच येत नाही. त्यासाठी पैसे मोजायचं कारण उरलं नाही.

जीटी चाक ठरलं. बटणं कमी, पण प्रत्येकाभोवती कठडा. टीसी आणि एबीएससाठी खाली दोन वेगवेगळ्या आकाराच्या गोल कळा, ब्रेक बायससाठी अंगठ्याशी छोटं चक्र.

प्रत्यक्ष कृती

जोडणी यूएसबीची घ्यायची की बेसच्याच ब्रँडची वायरलेस, हा शेवटचा प्रश्न होता. वायरलेस नीटनेटकं असतं, पण चाक त्या एका ब्रँडशी बांधलं जातं. कन्सोलवर खेळणाऱ्यांना इथे पर्यायच कमी. फॅनाटेक या चाकं आणि बेस बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत तर एक्सबॉक्सची मान्यता चाकात आणि प्लेस्टेशनची बेसमध्ये असते, त्यामुळे तिथे खरेदीआधी यादी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. हा पीसीवर चालवतो, म्हणून त्याने यूएसबी घेतलं. पुढे बेस बदलला तरी चाक सोबत येणार होतं.

पकडीसाठी रबर की सुएड (मखमली पोताचं चामडं), असं त्याने विचारलं. मी सुएड सांगितलं.

चाक आल्यावर आधी बेसची सगळी सेटिंग तशीच ठेवून तीन संध्याकाळी चालवायचं ठरलं होतं. त्याने पहिल्याच रात्री गेन (बेसचा एकूण जोर), डॅम्पिंग आणि चाक एकदम बदललं. सुधारणा कशामुळे झाली ते सांगता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं मागे नेऊन पुन्हा सुरुवात केली. अडॅप्टरमुळे चाक चार सेंटिमीटर जवळ आलं होतं, म्हणून बेस तेवढा मागे सरकवला. मनगटाची तपासणी पुन्हा एकदा.

निष्पन्न

गिअर चुकणं बंद झालं. चुंबकी पॅडलचा स्पष्ट ‘टक्’ कानाला आणि बोटाला एकदमच कळतो, त्यामुळे गिअर पडला की नाही ही शंका राहत नाही. अंगठ्याचं दुखणं पहिल्या आठवड्यात गेलं. मागचा टायर सुटायला लागल्याची पहिली चाहूल आता हाताला लागते, असं तो सांगतो, आणि त्याच्या फेऱ्यांचे आलेख पाहता मला ते पटतं: गाडी सावरताना तो आता चाक थोडं आणि लवकर वळवतो.

सर्वोत्तम लॅप जवळपास तेवढीच राहिली. पाळीच्या शेवटच्या वीस मिनिटांतल्या फेऱ्या मात्र एकमेकींच्या बऱ्याच जवळ आल्या. लांब शर्यतीत मला जोडीदाराकडून हेच हवं असतं.

सहाव्या आठवड्यात मोठा घोटाळा झाला. शर्यतीच्या मध्यावर वळणात यूएसबीची गुंडाळीची वायर सीटच्या कडेला अडकली आणि प्लग ढिला झाला. स्टीअरिंग बेसमधून चालू राहिलं, पण गिअर आणि बटणं गेली. गाडी पाचव्या गिअरमध्ये अडकली. हेडसेट काढून प्लग सापडेपर्यंत शर्यत हातची गेली. नंतर वायर दांड्याजवळ क्लिपने बांधली, चाक पूर्ण फिरलं तरी ताणली जाणार नाही एवढी मोकळी ठेवली, आणि जोडणी हबमधून काढून थेट पीसीच्या मागच्या पोर्टला दिली. तेव्हापासून त्रास नाही.

पुन्हा करायचं झालं तर

वायरचा मार्ग चाक बसवायच्या दिवशीच ठरवायला हवा होता. चाक दोन्ही टोकांपर्यंत हाताने फिरवून वायर कुठे लागते ते बघायला पाच मिनिटं लागतात.

व्हीआरचा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता, आणि तो मी विचारायला हवा होता. वजनाच्या आणि व्यासाच्या चर्चेत आम्ही दोन आठवडे घालवले. त्यातून शिकायला मिळालं, पण ज्या चाकाची स्क्रीन दिसणारच नाही ते यादीत राहायलाच नको होतं.

सुएडचा सल्ला चुकीचा होता. मी हातमोजे घालून चालवतो, तो उघड्या हातांनी चालवतो आणि त्याच्या तळहातांना घाम येतो. तिसऱ्या महिन्यात पकडीच्या दोन्ही बाजू चपट्या आणि चकचकीत झाल्या. ओलसर फडकं आणि मऊ ब्रश फिरवून थोडं सुधारलं, पण पहिल्यासारखं नाही. मी माझ्या हातांवरून त्याच्या हातांचं ठरवलं. रबरी पकड घेतली असती तर रोज पुसून भागलं असतं.

आणि एक गोष्ट अजून मोकळी आहे. पुढच्या हंगामात संघ पोर्शे घ्यायच्या विचारात आहे, म्हणजे ४८० वरून एकदम ८०० अंश. चिकटपट्टी लावून पुन्हा फेऱ्या माराव्या लागतील. जुनं गोल चाक रिगच्या मागे खुंटीला टांगलेलं आहे, क्विक रिलीजसकट.